फितुरीचा धनी



रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती गेला. गड पाडणाऱ्या मोगल सरदाराचं नाव आपल्यापैकी थोड्यांनाच आठवेल. सूर्याजी पिसाळ हे नाव मात्र ज्यांनी इतिहासाचं पुस्तक शाळेनंतर उघडलं नाही त्यांनाही पाठ आहे. वाईच्या देशमुखीचं आमिष त्याला दाखवलं गेलं असं सांगतात. त्यात सत्य किती आणि दंतकथा किती, यावर अभ्यासकांचे वाद होत आले आहेत, आणि तो वाद सोडवायला मी इथे उभा नाही. माझ्या मनात वेगळी गोष्ट आहे. ज्यानं आमिष घेतलं असं मानलं जातं, त्याचं नाव शिवी होऊन सव्वातीनशे वर्षं टिकलं. ज्यानं आमिष दाखवलं, तो आपल्या बोलण्यातून पुसला गेला.

आज मी ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे त्याचं नावच फितुराच्या नावापासून सुरू होतं. ‘ज्यूडास अँड द ब्लॅक मसाया’. शाका किंग यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. महासाथीचे दिवस होते, त्यामुळे पुष्कळांनी तो घरातल्या पडद्यावर पाहिला. ज्यूडास म्हणजे तीस चांदीच्या नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा शिष्य. या गोष्टीतला ज्यूडास विल्यम ओनील नावाचा विशीतला तरुण आहे, आणि तारणहार आहे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचा शिकागोतला नेता फ्रेड हॅम्प्टन. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांनी हॅम्प्टनला त्याच्या बिछान्यात गोळ्या घातल्या तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

एकवीस. चित्रपट पाहताना हे वय हातातून निसटतं. हॅम्प्टनचं काम करणारा डॅनियल कलूया चित्रीकरणाच्या वेळी तिशीत पोचला होता आणि ओनील साकारणारा लकीथ स्टॅनफिल्ड त्याच्याहून थोडाच लहान. दोघांचाही अभिनय फार मोठ्या तोलाचा आहे. कलूयाला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच झालं. तरी पडद्यावर दिसतात ते दोन पुरते वाढलेले पुरुष. प्रत्यक्षात एकाला नुकतं मतदानाचं वय लाभलं होतं, कारण तेव्हा अमेरिकेत ते २१ होतं, आणि दुसऱ्याला तेही लाभलं नव्हतं. ओनील हॅम्प्टनपेक्षा काही महिन्यांनी धाकटा. चोरलेल्या गाडीच्या प्रकरणात तो केंद्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एफबीआयच्या, तावडीत सापडला १९६६ साली. तेव्हा तो सतरा वर्षांचा पोरगा होता. ही वयं डोक्यात ठेवून चित्रपट पाहिला तर त्यातल्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ थोडा सरकतो.

आधी हॅम्प्टनबद्दल सांगतो. त्याचा मृत्यू इतका गाजला की त्याचं जगणं त्यामागे झाकलं गेलं, आणि हा अन्याय चित्रपटही पुरता दूर करत नाही. त्याचे आईवडील लुइझियानातून पोटासाठी उत्तरेला आलेले. शिकागोजवळ आर्गो इथल्या स्टार्चच्या कारखान्याभोवती दक्षिणेतून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती होती. त्याच वस्तीत एमेट टिल नावाचं एक मूल राहत असे, आणि हॅम्प्टनची आई कधीकधी त्याला सांभाळत असे. याच एमेटला १९५५ साली, चौदाव्या वर्षी, मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला असताना गोऱ्या माणसांनी ठार मारलं. त्याच्या आईनं शवपेटी उघडी ठेवली, सगळ्या देशाला त्या मुलाचा चेहरा पाहायला लावला. ज्या घरात त्या मुलाला खेळवलं होतं त्या घरातला फ्रेड तेव्हा सात वर्षांचा होत होता.

पुढे हे कुटुंब मेवुड या उपनगरात आलं. तिथे काळ्या मुलांना पोहायला तलाव नव्हता आणि शेजारच्या गावातल्या तलावात त्यांना घेत नसत. हॅम्प्टनची पहिली मोठी चळवळ या तलावासाठी होती. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या एनएएसीपी संघटनेच्या युवक शाखेचा तो पुढारी होता आणि त्यानं शेकडो पोरं गोळा केली होती. महाविद्यालयात त्यानं कायद्याकडे नेणारे विषय घेतले. पोलिसांच्या वागण्यावर बोलायचं तर कायदा तोंडपाठ हवा, हा त्यामागचा विचार. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह माहीत असलेल्या माणसाला मेवुडच्या तलावाची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मूल पाण्यात उतरलं तर पाणी बाटतं, असं मानणारी माणसं दोन्हीकडे होती.

१९६८ च्या अखेरीस ब्लॅक पँथर पक्षाची इलिनॉय शाखा उभी राहिली आणि हॅम्प्टन तिचा प्रमुख चेहरा झाला. त्या क्षणापासून त्याच्या हाती जेमतेम वर्षभर होतं, आणि त्यातलाही काही काळ तुरुंगात गेला. त्याच्यावर आरोप होता आइस्क्रीमची गाडी लुटून ७१ डॉलरचा माल मुलांना वाटल्याचा. शिक्षा झाली दोन ते पाच वर्षांची. अपिलात जामीन मिळाला तो ऑगस्ट १९६९ मध्ये. बाहेर आल्यावर चर्चमध्ये त्यानं केलेलं भाषण चित्रपटात आहे, आणि कलूयानं ते असं केलंय की थिएटरातला माणूसही घोषणेला उत्तर देईल. वाक्य छोटं, मग तेच पुन्हा, मग समोरच्यांकडून ते म्हणवून घेणं. आपल्याकडे कीर्तनकाराला आणि शाहिराला ही विद्या अवगत असते. हॅम्प्टनला ती काळ्या चर्चमधल्या उपदेशकांकडून मिळाली होती.

पण मला त्या भाषणापेक्षा दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली म्हणजे सकाळची न्याहारी. शाळेत जाण्याआधी मुलांना पोटभर खायला मिळावं म्हणून पँथर्सनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडपासून हा उपक्रम सुरू केला आणि तो शिकागोतही आला. एफबीआयचे संचालक जे. एडगर हूव्हर यांना पँथर्सच्या बंदुकांइतकीच या न्याहारीची धास्ती वाटत होती, हे त्यांच्याच कागदांतून कळतं. लोकांना जे जेवू घालतात त्यांना लोक आपलं मानतात, आणि मग त्यांच्यावर धाड घालणं अवघड होतं. सरकारची शाळेतली न्याहारीची योजना तेव्हा प्रायोगिक स्वरूपात होती. १९७५ साली ती कायमची झाली.

दुसरी गोष्ट इंद्रधनुष्य आघाडीची. शिकागोच्या अपटाउन भागात दक्षिणेच्या डोंगराळ प्रदेशातून आलेले गरीब गोरे राहत. त्यांची ‘यंग पेट्रियट्स’ नावाची संघटना होती, आणि त्यांच्या अंगावर, टोप्यांवर दक्षिणी राज्यांचा तो झेंडा असे, जो गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्यानं मिरवला होता. एका काळ्या कार्यकर्त्यानं त्या झेंड्याखाली बसायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. हॅम्प्टनचा सहकारी बॉब ली तिथे जाऊन बसला. पोलीस तुम्हालाही असंच मारतात ना, तुमच्याही मुलांना उंदीर चावतात ना, असं विचारत राहिला. पोर्तो रिकोच्या तरुणांची ‘यंग लॉर्ड्स’ ही संघटना होसे ‘चाचा’ हिमेनेस यांच्या नेतृत्वाखाली सोबत आली. तीन रंगांचे गरीब एका टेबलाशी आले. चित्रपटात हा प्रसंग आहे. झेंडा भिंतीवर टांगलेला आहे, हॅम्प्टन त्याच्यासमोर उभा राहून बोलतो, हवा तापते आणि मग हळूहळू निवते. माझ्या मते साऱ्या चित्रपटातला हा सगळ्यात मोलाचा प्रसंग आहे, आणि तो फार लवकर संपतो. अशी आघाडी बांधायला किती रात्री जागाव्या लागतात, किती अपमान गिळावे लागतात, ते दिसायला हवं होतं. ते दिसलं असतं, तर पुढे काय मोडलं गेलं हेही कळलं असतं.

आता ते मोडणाऱ्यांकडे वळू. एफबीआयनं १९५६ पासून ‘कॉइंटेलप्रो’ नावाची गुप्त मोहीम चालवली होती. आधी कम्युनिस्टांविरुद्ध, मग १९६७ पासून काळ्यांच्या संघटनांविरुद्धही. मार्च १९६८ च्या एका टिपणात देशभरच्या कार्यालयांना उद्दिष्टं कळवलेली आहेत. त्यात काळ्यांच्या लढाऊ राष्ट्रवादी चळवळीला एकत्र आणील आणि चेतवील असा तारणहार उदयाला येऊ न देणं हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. चित्रपटाच्या नावातला ‘मसाया’ तिथून आला. भक्तांनी दिलेली ही पदवी नव्हे. हल्लेखोरांनी आपल्या फायलीत आधीच लिहून ठेवलेली ती जागा होती. तिथे कोण बसेल तेवढं ठरायचं होतं. पुढे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनं १९७६ साली मोजदाद मांडली. काळ्या संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या ब्लॅक पँथर पक्षाविरुद्ध होत्या.

या कारवाया कशा असत? शिकागोचंच उदाहरण घेऊ. ब्लॅकस्टोन रेंजर्स ही तिथली बलाढ्य टोळी, तिचा म्होरक्या जेफ फोर्ट. हॅम्प्टन या टोळीशी बोलणी करत होता. जानेवारी १९६९ मध्ये फोर्टच्या नावे एक निनावी पत्र धाडायला एफबीआयनं मंजुरी दिली. पँथर्स तुझा काटा काढणार आहेत, असा त्याचा आशय, आणि लिहिणारा जणू एखादा काळा हितचिंतक. फोर्टनं चवताळून सूड घ्यावा ही अपेक्षा कार्यालयीन टिपणात नोंदलेली आहे. चित्रपटात या टोळीला ‘क्राउन्स’ असं काल्पनिक नाव दिलं आहे.

एक हत्यार मात्र चित्रपटात जवळजवळ दिसत नाही, आणि मला ते सगळ्यांत विषारी वाटतं. निष्ठावान कार्यकर्त्यालाच खबऱ्या ठरवण्याचं. खोटी चिठ्ठी, मुद्दाम पसरवलेली अफवा, एखाद्यालाच पोलिसांनी लवकर सोडून देणं, एवढं पुरे. मग सहकारीच त्याला बाजूला करतात, मारतात. चर्च समितीच्या अहवालात ही पद्धत नोंदलेली आहे. म्हणजे खरा खबऱ्या आत पेरायचा आणि खोट्या खबऱ्यांचा संशयही आतच पेरायचा. यानंतर चळवळीत कुणी कुणाशी मोकळेपणानं बोलेल का? ओनील तर शिकागो शाखेचा सुरक्षाप्रमुख झाला होता. खबरे हुडकून काढण्याचं काम ज्याच्याकडे, तोच खबऱ्या. सहकाऱ्यांनी पुढे सांगितलं आहे की शस्त्रांची, स्फोटांची भाषा सर्वांत मोठ्यानं तोच करायचा. तो नगरभवन उडवून देण्याची योजना मांडतो आणि हॅम्प्टन त्याला झिडकारतो, असा प्रसंग चित्रपटात आहे.

आता रॉय मिचेल. एफबीआयचा हा अधिकारी ओनीलला हाताळत होता. जेसी प्लेमन्सनं ही भूमिका केली आहे. मला कुणी विचारलं की या चित्रपटात तुम्हाला सर्वांत भीती कुणाची वाटली, तर मी या माणसाचं नाव घेईन. तो आवाज चढवत नाही. चांगल्या हॉटेलात जेवायला नेतो, सिगार देतो, घरी बोलावतो. समोरच्या पोराला त्याच्या आयुष्यात कुणी दिलेली नसेल अशी आस्था देतो, आणि त्या आस्थेला दोरी बांधलेली असते. हे केवळ पटकथाकाराचं कसब नव्हे. खऱ्या ओनीलनं १९८९ मध्ये दिलेल्या मुलाखतीत सांगितलं आहे की त्या काळी आदर्श मानावीत अशी माणसं आमच्यासमोर फार नव्हती, आणि माझ्यासमोर होता तो हा एफबीआयचा माणूस. हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नव्हतो. ज्या वस्तीत पोराला वडीलधारा मिळत नाही तिथे सरकार वडीलधाऱ्याच्या रूपात येऊन बसलं, आणि त्यानं त्या पोराकडून मागितला एका घराचा नकाशा.

तो नकाशा हॅम्प्टनच्या घराचा होता, २३३७ वेस्ट मनरो स्ट्रीट. ओनीलनं दिलेल्या माहितीवरून नोव्हेंबर १९६९ मध्ये तयार झालेल्या त्या नकाशात खोल्या, दारं, सामान आणि हॅम्प्टन जिथे झोपतो तो पलंग दाखवलेला होता. मिचेलनं तो कुक परगण्याचे सरकारी वकील एडवर्ड हॅनरहान यांच्या कार्यालयाला पुरवला. ४ डिसेंबरला पहाटे पावणेपाचच्या सुमारास हॅनरहान यांच्या अखत्यारीतले चौदा पोलीस शस्त्रांच्या झडतीचं वॉरंट घेऊन तिथे पोचले. घरात नऊ जण होते. दारामागे बसलेला बावीस वर्षांचा पँथर मार्क क्लार्क पहिल्याच क्षणी गेला. त्याच्या बंदुकीतून सुटलेली एक गोळी, एवढाच त्या घरातून झालेला गोळीबार. पोलिसांनी ८० हून अधिक गोळ्या झाडल्या. हे मी म्हणत नाही, केंद्रीय ग्रँड ज्युरीच्या तपासात आलेलं आहे.

हॅम्प्टन उठलाच नाही. त्याच्या शेजारी त्याची सहचरी डेबोरा जॉन्सन होती, आठ महिन्यांहून अधिक दिवसांची गरोदर. तिला खोलीबाहेर काढलं आणि मग आत दोन गोळ्या झाडल्या गेल्याचं तिनं सांगितलं आहे. शाका किंग यांनी इथे जो निर्णय घेतला त्यासाठी मी त्यांना मनापासून मानतो. कॅमेरा खोलीत जात नाही. तो डेबोराच्या, म्हणजे डॉमिनिक फिशबॅकच्या, चेहऱ्यावर थांबतो. मागे गोळ्यांचे आवाज, पोलिसांचे शब्द, आणि समोर हलू न देता धरलेला एक चेहरा. काळ्या माणसाचं छिन्न शरीर दाखवून प्रेक्षकाला हलवायची वहिवाट चित्रपटसृष्टीत फार जुनी आहे. ती इथे मोडली आहे. साक्षीदार स्त्री केंद्रस्थानी आली, आणि पुढच्या सगळ्या न्यायालयीन लढ्याची मुळं तिच्या साक्षीत आहेत. या स्त्रीनं पुढे अकुआ एन्जेरी हे नाव घेतलं. २९ डिसेंबरला तिनं जन्म दिलेला मुलगा फ्रेड हॅम्प्टन ज्युनिअर आणि ती स्वतः, दोघंही चित्रपटाच्या निर्मितीत सल्लागार म्हणून सामील होते.

हॅम्प्टनला आदल्या रात्री गुंगीचं औषध दिलं होतं का? कुटुंबाच्या बाजूनं झालेल्या तपासणीत ते आढळलं, सरकारी तपासणीत आढळलं नाही, आणि ओनीलनं ते कधी कबूल केलं नाही. चित्रपट ती शंका खरी मानून पुढे जातो. जॉर्ज सॅम्स या पँथरला एफबीआयचा माणूस म्हणून दाखवण्याच्या बाबतीतही असंच आहे. तो संशय होता, सिद्ध झालेला नाही. सॅम्सचा प्रसंग मला जास्त खटकतो. खोट्या संशयाच्या हत्यारानं जी माणसं उद्ध्वस्त झाली त्यांच्याबद्दलच्या चित्रपटानं संशयाला पुरावा मानू नये.

दुसरं खटकणं हूव्हर यांच्याबद्दलचं. मार्टिन शीन यांच्यासारखा थोर नट रबरी मुखवट्यामागे बुजून गेला आहे, आणि हूव्हर खलनायकासारखे बोलतात. प्रेक्षकाला बरं वाटतं. वर एक दुष्ट म्हातारा, खाली एक भेदरलेला फितूर, संपलं. पण नकाशा हूव्हर यांनी काढला नाही आणि बंदूक ओनीलनं चालवली नाही. मधल्या माणसांनी काम केलं. वॉरंट लिहिणारे, टिपणं टंकणारे, मंजुरी देणारे, अहवालाला अनुकूल निष्कर्ष जोडणारे. हॅनरहान तर चित्रपटात जवळजवळ नाहीतच. खरं तर हत्येनंतरचे आठ दिवस हाच एक स्वतंत्र चित्रपट आहे.

ते आठ दिवस असे. पोलिसांनी घर सील न करता सोडलं. पँथर्सनी आणि त्यांच्या तरुण वकिलांनी ते ताब्यात घेतलं, भिंतींची, दारांची, रक्ताळलेल्या गादीची चित्रफीत काढली, गोळ्या गोळा केल्या, आणि मग दार लोकांसाठी उघडलं. थंडीत रांगा लागल्या. हजारो माणसं, कामावर जाता येता, मुलांना घेऊन, त्या घरातून फिरून गेली. कुठल्या बाजूनं गोळ्या आल्या हे त्यांनी भिंतीवर स्वतः पाहिलं. तिकडे हॅनरहान यांनी टीव्हीवर पोलिसांकडून सारा प्रसंग त्यांच्या सोयीनं वठवून घेतला. ‘शिकागो ट्रिब्यून’नं त्यांच्याकडून आलेली छायाचित्रं छापली. दारावरची ही भोकं पँथर्सच्या गोळ्यांची आहेत, असा दावा होता. ‘सन-टाइम्स’चे बातमीदार उठून त्या घरी गेले आणि पाहून आले. ती भोकं नव्हतीच, खिळ्यांची डोकी होती. एका शहराच्या सरकारी सत्याला खिळ्यांनी उघडं पाडलं, कारण कुणीतरी दार उघडं ठेवलं होतं आणि कुणीतरी तिथवर चालत गेलं होतं. हावर्ड ॲल्क आणि माइक ग्रे यांचा ‘द मर्डर ऑफ फ्रेड हॅम्प्टन’ हा १९७१ चा माहितीपट या चित्रफितींतून उभा राहिला. हॅम्प्टनच्या हयातीत सुरू झालेलं चित्रीकरण त्याच्या खुनाच्या पुराव्यात संपलं.

जानेवारी १९७० मध्ये मृत्यू समर्थनीय असल्याचा निकाल आला. वाचलेल्या सात जणांवर खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे होते, ते मे महिन्यात मागे घ्यावे लागले. हॅनरहान यांच्यावर न्यायात अडथळा आणल्याचा खटला चालला, १९७२ मध्ये ते सुटले, पण काही दिवसांतच मतदारांनी त्यांना घरी बसवलं, आणि त्यात काळ्या मतदारांचा वाटा मोठा होता. कुटुंबीयांनी दिवाणी दावा लावला. फ्लिंट टेलर, जेफ्री हास ही ‘पीपल्स लॉ ऑफिस’ची वकील मंडळी वयानं हॅम्प्टनहून थोडीच मोठी होती. १९७३ मध्ये एका पोलिसाच्या खटल्यात ओनीलचं खरं रूप बाहेर पडलं, आणि मग या दाव्याला धागा मिळाला. एफबीआयनं आधी दडवलेली हजारो पानं खटल्याच्या ओघात हाती आली. त्यात नकाशा होता. आणि हत्येनंतर काही दिवसांत लिहिलेली शिफारसही होती, की या धाडीतल्या यशात आमच्या खबऱ्याच्या माहितीचा मोलाचा वाटा असल्यानं त्याला ३०० डॉलरचा बोनस द्यावा. वॉशिंग्टनहून तो मंजूर झाला. बायबलमध्येही नाणी देणारे पुरोहित आहेत, पण त्यांची नावं कुणी लक्षात ठेवली? इथे नाणी देणाऱ्यांच्या सह्या उपलब्ध आहेत.

अठरा महिने चाललेल्या सुनावणीनंतर न्यायाधीशांनी १९७७ मध्ये दावा निकालात काढला. वकिलांनी वरचं न्यायालय गाठलं, आणि १९७९ मध्ये तिथे सरकारी पक्षानं पुरावे दडवल्याबद्दल कठोर ताशेरे येऊन खटला पुन्हा चालवण्याचा हुकूम झाला. शेवटी १९८२ मध्ये केंद्र सरकार, परगणा आणि शिकागो शहर या तिघांनी मिळून साडेअठरा लाख डॉलर देऊन तडजोड केली. तेरा वर्षं लागली. चित्रपटात हे सारं शेवटच्या पाटीवर आहे.

‘कॉइंटेलप्रो’ हे नाव जगाला कळलं तेही सामान्य माणसांमुळे. ८ मार्च १९७१ च्या रात्री, सारा देश मोहम्मद अली आणि जो फ्रेझिअर यांच्या मुष्टियुद्धाकडे कान लावून बसला असताना, आठ जणांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावातलं एफबीआयचं छोटं कार्यालय फोडलं आणि फायली पळवल्या. त्यात एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता, तीन लेकरांचं घर सांभाळणारं एक जोडपं होतं. त्यांनी कागद वृत्तपत्रांना पाठवले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं सरकारी दबाव न जुमानता ते छापले. ही माणसं कधीच सापडली नाहीत. त्यांच्यापैकी काहींनी २०१४ मध्ये स्वतःहून नावं जाहीर केली.

ओनीलचं काय झालं? उघडा पडल्यावर त्याला नाव बदलून दूर पाठवलं गेलं. काही वर्षांनी तो शिकागोला परतला. एप्रिल १९८९ मध्ये त्यानं ‘आइज ऑन द प्राइझ’ या नागरी हक्क चळवळीच्या माहितीपट मालिकेसाठी मुलाखत दिली. तुमच्या मुलाला काय सांगाल, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात तो म्हणतो, मी काठावर बसून राहिलो नाही, मीही त्या लढ्याचा भाग होतो. चित्रपट याच मुलाखतीच्या पुनर्निर्मितीपासून सुरू होतो आणि अखेरीस खऱ्या ओनीलचा चेहरा दाखवतो. १५ जानेवारी १९९० रोजी त्या मालिकेच्या नव्या पर्वाचं प्रसारण सुरू झालं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची ती सुटी. त्याच दिवशी पहाटे ओनील शिकागोच्या आयझनहावर महामार्गावर गाडीखाली आला. आत्महत्या अशी नोंद झाली. तो चाळीस वर्षांचा होता.

मी त्याला माफ करा असं म्हणत नाही. हॅम्प्टनच्या आईनं, क्लार्कच्या कुटुंबानं, अकुआ एन्जेरींनी जे भोगलं त्यापुढे तसं म्हणायचा मला अधिकार नाही. त्याला पर्याय होते, तुरुंगात जाण्याचाही होता, आणि ते त्यानं निवडले नाहीत. पण ज्यांनी त्याला निवडलं, पोसलं, वापरलं आणि बोनस दिला त्यांच्यापैकी एकालाही या हत्येबद्दल शिक्षा झाली नाही. सगळी लाज एकट्या ओनीलच्या वाट्याला आली. चित्रपटाच्या नावानं ती पुन्हा त्याच्याच कपाळी लिहिली याचं मला वाईट वाटतं, कारण आतला चित्रपट नावापेक्षा पुष्कळ शहाणा आहे.

आपला या गोष्टीशी संबंध लांबचा नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या लढ्याबद्दल विचारणा केली. हॅम्प्टनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतून घेतलं, दुखणं इथलंच होतं. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली आणि परळच्या मोर्चावर आलेल्या दगडानं भागवत जाधव हा तरुण गेला. त्याच वर्षी संघटनेत फूट पडली, आणि १९७७ मध्ये ती बरखास्त झाली. त्या फुटीमागे शिकागोसारखा कुणाचा हात होता असं मी सुचवत नाही. पुरावा नसताना तसं बोलणं म्हणजे आजवर ज्याचा निषेध केला तेच करणं. तेव्हाच्या कार्यकर्त्यांनी एकमेकांना जी दूषणं दिली ती मात्र आजही गावोगाव ऐकू येतात. अमका विकला गेला, तमका फितूर झाला. कागद कुणीच दाखवत नाही.

म्हणून वाचनालयाच्या मंडळींना माझी एक मागणी आहे. दलित पँथरच्या त्या पाच वर्षांतली पत्रकं, सभांच्या जाहिराती, कार्यकर्त्यांवर निघालेले समन्स, जप्तीचे पंचनामे, छोट्या वृत्तपत्रांचे अंक आपल्या जिल्ह्यातल्या घरांत ट्रंकांमधून अजून पडून आहेत. ती ज्यांची आहेत त्यांची वयं आता सत्तर ओलांडून गेली. दोन तरुणांना या कामाला लावा, घरोघर जाऊन प्रती काढून घ्या, त्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवा. त्यासाठी लागणारा यंत्राचा आणि प्रवासाचा खर्च आजच्या माझ्या मानधनातून सुरू करावा, ही विनंती मी अध्यक्षांकडे लेखी दिली आहे. आणि पुढच्या महिन्यात इथे चित्रपट दाखवणार असाल, तर आधी १९७१ चा माहितीपट दाखवा. खरा हॅम्प्टन बोलताना ऐकल्यावर मग कलूयाला ऐका, आणि चर्चेसाठी निदान दीड तास ठेवा.